वाडा कोणी तपासायचा?

(कसबा पेठेतील वार्षिक स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



पावसाळ्याच्या तोंडावर महापालिकेची नोटीस वाड्याच्या दिंडी दरवाजावर चिकटते. महापालिका अधिनियमातल्या कलम २६४ चा आधार, ‘धोकादायक’ हा शब्द, आणि पुढे परवानाधारक स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासणी करून दाखला आणण्याची सूचना. कसब्यात हे लहान पोरांनाही माहीत आहे. पण हा परवानाधारक कोण, त्याला परवाना काय बघून दिला, आणि त्या परवान्यावर वाडा तपासता येतो का, हे विचारणारा माणूस मला फारसा भेटलेला नाही. तो परवाना माझ्याही खिशात आहे. तेव्हा आजचे बोलणे म्हणजे घरचीच धुणी आहेत, ती चौकात धुतो एवढेच.

आधी कागद बघू. डिसेंबर २०२० मध्ये राज्यात एकात्मिक विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली आली. मुंबई वगैरे वगळून बहुतेक शहरांना ती लागू आहे, पुण्यालाही. तिच्या परिशिष्टात आम्हा तांत्रिक लोकांची पात्रता दिली आहे. स्ट्रक्चरल इंजिनिअरला सिव्हिलची पदवी किंवा इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्सचे त्या तोडीचे सभासदत्व लागते, आणि डिझाइन व साइट मिळून तीन वर्षांचा अनुभव. पदव्युत्तर शिक्षण असेल तर दोन वर्षे पुरतात, डॉक्टरेट असेल तर एक. प्रमाणपत्रे जोडायची, फी भरायची, नंबर घ्यायचा आणि मुदत संपली की नूतनीकरण करायचे. लेखी परीक्षा नाही. अनुभवाची ती तीन वर्षे बाणेर-बालेवाडीच्या वीस मजली इमारतींत सळ्या मोजण्यात गेली असली तरी चालतात. त्यात लाकडाची एकही तुळई हाताला लागलेली नसली, तरी कसब्यातला वाडा पडेल की उभा राहील हे लिहून द्यायचा अधिकार त्या नंबरासोबत मिळतो.

आर्किटेक्टला १९७२ च्या कायद्याने देशपातळीची परिषद आहे. वकिलाला आहे, डॉक्टरला आहे. इंजिनिअरला तसा कायदाच नाही. चुकलेल्या इंजिनिअरची सनद काढून घेणारे कोणी नाही, कारण सनदच नाही. आहे तो महापालिकेच्या यादीतला नंबर.

दुसरा कागद म्हणजे महापालिका अधिनियमातलेच कलम २६५-अ. इमारतीला तीस वर्षे झाली की मालकाने किंवा राहणाऱ्याने ती महापालिकेकडे नोंदलेल्या स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासून घ्यायची. दाखला वर्षाच्या आत द्यायचा, नंतर दर दहा वर्षांनी. दुरुस्ती सुचवली असेल तर ती सहा महिन्यांत पुरी करायची. न केल्यास पंचवीस हजार रुपये किंवा वर्षाचा मिळकतकर, यांत जे जास्त असेल तेवढा दंड. तीस वर्षे मोजायची ती पूर्णत्वाचा दाखला, भोगवटा परवानगी किंवा निम्म्या इमारतीत माणसे राहायला लागली तो दिवस, यांतले जे आधी घडले तिथून. आता आपल्या गल्लीतल्या वाड्यात माणसे कधी राहायला लागली? काही ठिकाणी पेशवाईत. म्हणजे तीस वर्षे इंग्रज यायच्या आत भरली! कायदा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे आरसीसीची सोसायटी होती, हे असे कडेकडेने कळते. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींतही तेच आहे: पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीचे ऑडिट पाच वर्षांतून एकदा, तीसच्या पुढे तीन वर्षांतून एकदा. तिथे पदाधिकारी आहेत, दुरुस्ती निधी आहे. वाड्यात मालक आहे, त्याचे चार वारस आहेत, अकरा भाडेकरू आहेत, आणि निधी नाही.

वाड्याची अंगयष्टी तुम्हाला मी सांगायला नको, पण परवान्याच्या संदर्भात ती पुन्हा बघू या. खाली दगडी जोते. जोत्यावर तळखडे, तळखड्यांवर सागवानी खांब. दोन खांबांमधला खण. खांबांवर तुळया, तुळयांवर कडीपाट, त्यावर मातीचा थर. भिंती खाली दगडाच्या, वर विटांच्या, आणि जोडायला चुना किंवा नुसती माती. छपरावर कौले. भार बराचसा लाकडी सांगाडा उचलतो आणि भिंत त्याला बाजूने आवळून धरते. दोघे मिळून उभे असतात. सांगाडा कुजला तर भिंत काही काळ सांभाळून घेते, आणि आपल्याला वाटते सगळे ठीक आहे. १९९३ साली किल्लारीला हीच जोडी उलगडलेली दिसली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती बाहेर कोसळल्या, आणि काही घरांत लाकडी खणांचा सांगाडा तेवढा उभा राहिला. माणसे दबली ती भिंतींखाली. पुणे भूकंपाच्या तिसऱ्या पट्ट्यात येते. कसब्यातल्या भिंती किल्लारीइतक्या जाड नसतील, पण मातीचा जोड तोच आहे.

आणि आमची हत्यारे? रिबाउंड हॅमर, अल्ट्रासॉनिक पल्स, हाफ सेल, कोअर काढणे, फिनॉल्फ्थॅलीन टाकून काँक्रीटचा गुलाबी रंग बघणे. सगळी काँक्रीटची आणि सळईची. एका वाड्याचा अहवाल माझ्याकडे दुसरे मत म्हणून आला होता. त्यात हॅमरच्या वाचनांचा पानभर तक्ता होता. वाड्यात काँक्रीट नव्हतेच. हॅमर मारला होता तो मातीच्या भिंतीवरच्या सिमेंटच्या गिलाव्यावर. आकडे छान आले होते. गिलावा नवा होता.

त्या गिलाव्याबद्दल थोडे बोलतो, कारण कसब्यात वाडे पाडण्यात पावसाइतकाच त्याचा हात आहे. मातीची भिंत ओल पिते आणि हवेला परत देते. तिच्यावर सिमेंटचा थर चढवला की ओल आत कोंडते. माती फुगते, विटा सुटतात, आणि बाहेरून भिंत गुळगुळीत, वर ऑइलपेंट. त्यात पुराचा इतिहास आहेच. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटले तेव्हा नदीकाठच्या पेठांतले वाडे पाण्यात उभे होते. काही त्या दिवशी पडले, काही पाणी ओसरल्यावर भिंतींनी दम सोडला तेव्हा पडले. जे राहिले त्यांच्या जोत्याजवळच्या भिंतींत तो दिवस अजून आहे. तपासणाऱ्याला पुराच्या पाण्याची रेघ कुठवर होती हे शेजारच्या आजींना विचारावे लागते. नियमावलीत तो रकाना नाही.

ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत ते मास्तर ओव्हरसिअरच्या वर्गातल्या मुलांना शिकवत, हे तुम्हाला माहीत आहे. वाडा बघायचा त्यांचा क्रम ठरलेला होता: आधी छपरावर, मग न्हाणीत, आणि दिवाणखान्यात सगळ्यांत शेवटी. मालक नेहमी उलट्या क्रमाने दाखवतो. आधी दिवाणखान्यातले नक्षीदार खांब, मग चहा, आणि चहानंतर कोणाला छपरावर चढायचा उत्साह राहत नाही.

न्हाणी का, ते सांगतो. मूळ वाड्यात वरच्या मजल्यावर न्हाणी नव्हती, संडास तर नव्हताच. भाडेकरू वाढले तशी प्रत्येक खोलीच्या कोपऱ्यात मोरी आली. मोरीखाली कडीपाट, कडीपाटाखाली तुळई, आणि तुळईचे टोक भिंतीत चिणलेले. पाणी झिरपत जाते ते नेमके त्या टोकाशी. बाहेर दिसणारी तुळई दगडासारखी टणक असते. भिंतीत गेलेली वीतभर तेवढी सडते. म्हणून तपासणाऱ्याने करायचे काय, तर तुळई भिंतीला मिळते तिथला गिलावा छिन्नीने हलकेच काढायचा, आधी खाली टेकू देऊन. मग पेचकस घेऊन टोकाशी दाबायचा. चांगल्या सागात तो शिरत नाही, निसटतो. सडलेल्या लाकडात मुठीपर्यंत जातो आणि बाहेर येताना तपकिरी ओला भुसा घेऊन येतो. वाळवी असेल तर भुसा कोरडा आणि मातकट. मग लाकडी हातोडीने टोकापासून मधल्या भागाकडे ठोकत यायचे आणि आवाज कुठे भरीव होतो तिथे खडूची खूण करायची. ती खूण भिंतीच्या आत पडली तर तुळई वाचते. टोकाला लोखंडी पट्ट्या आणि नवे लाकूड जोडून किंवा खाली नवा खांब देऊन काम भागते. बाहेर पडली तर बदलायची. हे सगळे एका तुळईला अर्धा तास. मोठ्या वाड्यात अशी टोके शंभरावर निघतात. ज्या फीमध्ये हल्ली अहवाल मिळतो त्या फीत हे कोणी करणार नाही, आणि करत नाही. फोटो काढतात, तडे मोजतात, ‘इमारत जीर्ण आहे’ असे लिहितात. ते तर नोटिशीतही होते.

तड्यांचेही तसेच. तडा जुना की जिवंत, हा खरा प्रश्न. त्यावर काचेची पट्टी प्लास्टरने चिकटवून शेजारी तारीख लिहायची, आणि वाट बघायची. भुयार खणण्यापूर्वी वरच्या घरांची अशी पाहणी आणि नोंद करण्याची जगभर रीत आहे. आपल्याकडे भुयारी मेट्रो आली, सप्टेंबर २०२४ मध्ये कसबा पेठ स्थानकही सुरू झाले, तेव्हा ‘तडे’ हा शब्द घराघरांत बोलला गेला. पण एका दिवसाच्या भेटीत तडा जिवंत आहे का हे मलाही सांगता येणार नाही, कोणालाच येणार नाही.

एवढे ऐकून कोणी म्हणेल, मग इंजिनिअर कशाला, जुना सुतार बोलवा. मला ही भाबडी भक्ती पटत नाही. सुताराचा हात लाकडावर बसलेला असतो हे खरे. पण त्याला वजनाचा हिशेब विचारा. हजार लिटरची प्लास्टिकची टाकी म्हणजे भरल्यावर एक टन, आणि ती माळ्यावर मधोमध ठेवलेली. ‘साग आहे, काही होत नाही’ हे उत्तर मी अनेकदा ऐकले आहे. तळमजल्यावर दुकान काढताना मधला खांब उडवून वर लोखंडी गर्डर टाकला, तर त्या गर्डरच्या दोन टोकांखालच्या मातीच्या भिंतीवर किती दाब आला, हे पेचकसाने कळत नाही. ते गणित आहे. जुलै २०१७ मध्ये घाटकोपरला तळमजल्यावरच्या बदलांनंतर चार मजली इमारत कोसळली आणि सतरा माणसे गेली. ती आरसीसीची होती. मधला आधार काढल्याचे फळ लाकडालाही तेच.

आपल्यापैकी अनेकांची मुले न्यू जर्सीत आहेत. त्यांनी तिथे घर घेतले असेल तर होम इन्स्पेक्टर हा प्राणी त्यांना माहीत आहे. तिथे त्याला राज्याचा परवाना लागतो. त्यासाठी १८० तासांचे शिक्षण, त्यांतले किमान ४० तास परवानाधारकाच्या देखरेखीखाली प्रत्यक्ष घरे बघण्यात, आणि वर राष्ट्रीय परीक्षा. चार तास, दोनशे प्रश्न. तो डिझाइन करत नाही, नकाशे काढत नाही. छप्पर, पाया, पाणी, वीज, उष्णता बघतो आणि घर घेणाऱ्याला कळेल अशा भाषेत लिहून देतो. त्यांच्या मोठ्या व्यावसायिक संघटनेच्या आचारसंहितेप्रमाणे, तपासलेल्या घराच्या दुरुस्तीचे काम त्याला वर्षभर घेता येत नाही. सगळीकडे असे आहे असे मात्र समजू नका. कॅलिफोर्नियासारख्या राज्यात या धंद्याला परवानाच नाही. आणि त्यांची बघण्याची पद्धत वरवरची असते, भिंत उकरायची नाही असा नियमच आहे. कसब्यात त्याने भागणार नाही. पण त्यांतल्या दोन गोष्टी मला घ्याव्याशा वाटतात: जुने घर बघणे हे वेगळे शिक्षण आहे हे मान्य करणे, आणि बघणाऱ्याला पुढच्या कामाची आशा न ठेवू देणे.

कारण आपल्याकडे खरे दुखणे तिथे आहे. वाड्याच्या तपासणीचे पैसे देतो मालक. मालकाच्या मागे बिल्डर उभा असतो. अहवालात ‘सी-१’ आले, म्हणजे अतिधोकादायक, तर वाडा रिकामा करून पाडायचा. ‘सी-२ए’ म्हणजे रिकामा करून दुरुस्ती, ‘सी-२बी’ म्हणजे माणसे आत ठेवून दुरुस्ती, ‘सी-३’ म्हणजे किरकोळ. सी-१ आणि सी-२बी यांच्यामध्ये अकरा कुटुंबांचा संसार असतो. मग भाडेकरू वर्गणी काढून स्वतःचा इंजिनिअर आणतात, तो सी-२बी लिहितो. दोघेही परवानाधारक, दोघांचे शिक्के गोल. मुंबईत असे इतके झाले की जून २०१४ मध्ये उच्च न्यायालयाने पद्धत घालून दिली, आणि परस्परविरोधी अहवाल आले तर ते तांत्रिक सल्लागार समितीपुढे जाऊ लागले. त्याच वर्षी जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात सांगितले की इमारत पाडली म्हणून भाडेकरूचा हक्क संपत नाही. हे कसब्यातल्या प्रत्येक भाडेकरूने लक्षात ठेवावे. आणि हक्क उरतो म्हणजे खोली उरते असे नव्हे, हेही.

मालकाला शिव्या घालून मात्र सुटका नाही. १९४७ च्या भाडेकायद्याने भाडी १९४० च्या पातळीला बांधली आणि १९९९ च्या कायद्यानंतरही ती फारशी हलली नाहीत. नव्या कायद्याचे कलम १४ म्हणते, दुरुस्ती मालकाने करावी. नाही केली तर भाडेकरूने पंधरा दिवसांची नोटीस देऊन स्वतः करावी आणि भाड्यातून वळती करावी, पण वर्षाच्या भाड्याच्या चौथाईपेक्षा जास्त नाही. समजा भाडे महिना ऐंशी रुपये. वर्षाचे ९६०, चौथाई २४०. आज २४० रुपयांत मिस्त्रीची अर्ध्या दिवसाची मजुरीही सुटत नाही. मालकाच्या हातात ते वर्षाचे भाडे, भाडेकरूच्या हातात त्याची चौथाई. अशा घरात तपासणीचा खर्च तोच करतो ज्याला निकाल आधीच ठाऊक असतो.

कसब्यात याला आणखी एक पीळ आहे. शनिवारवाडा केंद्राच्या संरक्षित स्मारकांत आहे. प्राचीन स्मारकांच्या कायद्यातल्या २०१० च्या दुरुस्तीप्रमाणे अशा स्मारकाभोवती शंभर मीटरांत नवे बांधकाम बंद, पुढच्या दोनशे मीटरांत परवानगीने. शंभरच्या आत दुरुस्ती परवानगी घेऊन करता येते, पाडून नवे उभारता येत नाही. म्हणजे तिथल्या वाड्यावर सी-१ लिहिणारा नुसता वाडा पाडत नाही, जागा मोकळी करून ठेवतो. अशा पट्ट्यात काम करणाऱ्या इंजिनिअरला हा कायदा माहीत असावा अशी अट परवान्यात नाही. मी तरुण सहकाऱ्यांना विचारतो, तेव्हा निम्म्यांना तो ऐकूनही माहीत नसतो. पदवीत शिकवलेलाच नसतो. आपल्या शेजारी संगमाजवळचे अभियांत्रिकी महाविद्यालय, आताचे विद्यापीठ, १८५४ पासूनचे. सरकारी बांधकामांसाठी हाताखालची माणसे तयार करायला ते सुरू झाले. त्या संस्थेपासून इथवर चालत यायला फार वेळ लागत नाही. तिथल्या मुलांनी एक सत्र या पेठेत काढायला हरकत कोणाची असेल असे वाटत नाही.

तेव्हा माझी मागणी अशी. महापालिकेने जुन्या घरांच्या तपासणीचा स्वतंत्र परवाना काढावा. पदवीला किंवा पदविकेला जोडून किमान शंभर तास लाकूड, चुना, माती आणि वीट यांच्या प्रत्यक्ष कामाचे, त्यांतले निम्मे तरी पेठांतल्या उभ्या वाड्यांत, जाणत्या सुतार-गवंड्याच्या हाताखाली. त्या सुताराला शिकवण्याचे मानधन महापालिकेने द्यावे, सत्काराची शाल नव्हे. परीक्षा घ्यावी, आणि ती टोक उकरून तुळईची अवस्था सांगण्याची असावी. तपासनीस मालकाने किंवा भाडेकरूने निवडू नये. महापालिकेच्या यादीतून क्रमाने यावा. दोघांनी फी महापालिकेत भरावी आणि तिथून ती त्याला मिळावी. ज्या मिळकतीचा अहवाल त्याने दिला तिच्या पुनर्विकासात पाच वर्षे त्याला कोणतेही काम मिळू नये. हे माझ्या धंद्याला जड जाईल, मला माहीत आहे. आणि अहवाल मराठीत असावा, वाड्याच्या चौकात लावलेला, कोणत्या खोलीतली कोणती तुळई कुठवर सडली हे भाडेकरूला वाचता येईल असा.

यावर नेहमीचा आक्षेप येतो की इतके तपशिलात शिरायला वेळ कुठे आहे, जूनच्या आत दाखला हवा असतो. मी म्हणतो, नोटीस मे महिन्यात का येते? मेमध्ये भिंती वर्षातल्या सगळ्यांत कोरड्या असतात, ओलीचे डाग पुसट झालेले, लाकूड आवळलेले. दोष लपवायला याहून सोयीचा महिना नाही. आणि मेमध्ये सी-२बी लिहिले तरी कौले उतरवून काम करायला दिवस उरत नाहीत, म्हणून सी-१ च लिहिले जाते. वाडा बघायचा तो दसऱ्यानंतर, नोव्हेंबर संपायच्या आत. तेव्हा गळती कुठून झाली ते कडीपाटावर ताजे दिसते, मोरीखालची माती ओली असते, आणि दुरुस्तीला पुढचे सहा महिने कोरडे मिळतात. कलम २६५-अ मध्ये दुरुस्तीला दिलेली मुदतही नेमकी सहाच महिन्यांची आहे. त्यासाठी कायदा बदलावा लागत नाही. नोटिशीवरची तारीख बदलली तरी पुरे, आणि ते काम बांधकाम विभागातला एक अधिकारी एका सहीने करू शकतो.